अडतीस ठिकाणं चार दिवसांत बसणार नाहीत, ताई

पत्र:

"नमस्कार. सुट्टीत आम्ही पाच जणं चार दिवसांसाठी परदेशातल्या एका मोठ्या शहरात जाणार आहोत. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. आखणीचं काम माझ्याकडे आलंय. याला-त्याला विचारून, व्हिडिओ बघून यादी केली, ती अडतीस ठिकाणांवर गेली. त्यात संग्रहालयं आहेत, मनोरे, राजवाडे, बागा आहेत आणि 'इथे जेवलंच पाहिजे' अशी रेस्टॉरंट्सही आहेत. नवऱ्याचं म्हणणं, एवढा खर्च करून जातोय तर काही सुटायला नको. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या आत्तापासूनच म्हणतायत, 'तुम्ही फिरा, मी खोलीवर बसेन.' मागच्या सहलीत तिसऱ्या दिवशी दुपारी आमचं इतकं बिनसलं की रात्रीपर्यंत कोणी कोणाशी धड बोललं नाही. या वेळी तसं व्हायला नको. हे सगळं बसवायचं कसं?
– आखणी करून दमलेली एक वाचक"

प्रिय ताई,

अडतीस ठिकाणं चार दिवसांत बसत नाहीत, आणि तुम्ही ती बसवायलाही जाऊ नका. साधा हिशेब बघा. पाच माणसं आवरून बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. संध्याकाळी सातनंतर मुलं आणि सासूबाई दोघांचीही उमेद संपलेली असते. मधल्या नऊ तासांतून जेवण, चहा, स्वच्छतागृह, रांगा, सुरक्षा तपासणी वजा करा. नकाशा पंचवीस मिनिटं दाखवतो तेव्हा पाच जणांना पाऊण तास लागतो. कोणाची बुटाची नाडी सुटते, कोणाला पाणी हवं असतं, एखादी गाडी उलट्या दिशेची पकडली जाते. उरतात ते चार-साडेचार तास. तेवढ्यात दिवसाला दोन ठिकाणं नीट होतात, तिसरं झालं तर ते वाटेवरचं. म्हणजे चार दिवसांत आठ, फार तर दहा.

तुमच्या यजमानांची तळमळ मला कळते. पण विमानाचे आणि हॉटेलचे पैसे केव्हाच गेले, अकरावं ठिकाण बघितलं म्हणून त्यातलं काही परत येणार नाही. तिथे रोज खर्च होणार आहे ती माणसांची ताकद. ती दुपारी चारला संपली, की पुढचं सुंदरातलं सुंदर ठिकाणसुद्धा 'चला, आटपा' म्हणत बघितलं जातं. त्यांना लूव्र संग्रहालयाचा आकडा सांगा. पॅरिसच्या त्या एका इमारतीत सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या असतात. प्रत्येकीसमोर दहाच सेकंद थांबायचं ठरवलं तरी ९७ तास होतात. तुमचे चारही दिवस, चारही रात्री, आणि वर एक तास. सगळं बघणं तिथे कोणालाच शक्य नाही. त्यामुळे काय सुटतंय याची रुखरुख सोडून काय निवडायचं याकडे वळता येतं.

संग्रहालयात दमायला होतं ही तक्रारही नवी नाही, आणि तो तुमच्या घरच्यांचा आळस तर मुळीच नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये या थकव्यावर लेखच लिहिला होता. वस्तू नीट दिसावी म्हणून बघणाऱ्याला किती वाकावं लागतं, मान कशी वळवावी लागते, याचे फोटोच त्यांनी काढले होते. चूक मांडणीची आहे, बघणाऱ्याची नाही, हे त्यांनी तेव्हा दाखवलं. आपण दोन तास बाजारात चालतो तेव्हा पाय एका लयीत पडतात. संग्रहालयात दोन पावलं, थांबणं, वाकून पाटी वाचणं, पुन्हा दोन पावलं, आणि खाली बहुतेक दगडी फरशी. कंबर आणि पोटऱ्या त्यानेच भरून येतात. वर डोक्याला दर मिनिटाला नवा काळ, नवा देश, नवं नाव. म्हणून माझा आग्रह असा: एका दिवशी एकच मोठं संग्रहालय, तेही सकाळी, आणि आत दोन तास. मध्ये पंधरा मिनिटं बसायचं. दोन तासांनी कोणाला अजून राहावंसं वाटलं तर त्याने खुशाल राहावं, बाकीच्यांनी बाहेर पडावं.

निवड मात्र घरूनच करून निघा. बहुतेक मोठ्या संग्रहालयांचा संग्रह त्यांच्या वेबसाइटवर फोटोंसह बघता येतो. एखाद्या संध्याकाळी सगळे मिळून बसा आणि प्रत्येकाने दोन वस्तू निवडा. पाच जणांच्या दहा झाल्या. त्या कोणत्या दालनात आहेत ते नकाशावर टिपून घ्या आणि तो कागद मुलाच्या हातात द्या. आठ वर्षांच्या मुलाला 'बघ किती छान आहे' म्हटलं की तो कंटाळतो. 'आता कुठल्या दालनात जायचं ते तू सांग' म्हटलं की पुढे धावतो. दारातल्या चौकशी खिडकीवर एक प्रश्न आवर्जून विचारा: ही दालनं आज उघडी आहेत ना? दुरुस्तीसाठी किंवा माणसं कमी पडली म्हणून दालनं बंद असतात, वस्तू दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेल्या असतात. अर्धा तास चालून गेल्यावर कुलूप दिसलं तर सासूबाईंच्या गुडघ्यांवर तो अन्याय होतो.

आता बघायचं कसं, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला यातच सगळ्यात गोडी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा शिलालेख घ्या. काचेच्या पेटीत ठेवलेली ती काळपट शिळा १८०२ पासून तिथे आहे. तिच्याभोवती सतत गर्दी असते, पण जवळजवळ सगळी समोरच्या बाजूला. लोक हात उंचावून फोटो घेतात आणि जातात. तुम्ही गर्दी पातळ होईपर्यंत थांबा. शिळेवर अक्षरांचे तीन पट्टे आहेत. वरचा चित्रलिपीचा, त्याचा बराचसा भाग तुटून गेलेला. मधला डेमोटिक नावाच्या, तेव्हाच्या इजिप्तमधल्या रोजच्या व्यवहाराच्या लिपीचा. खालचा ग्रीक. मजकूर तिन्ही पट्ट्यांत एकच, इसवी सनापूर्वी १९६ मध्ये पाचव्या टॉलेमी राजासाठी काढलेला पुरोहितांचा ठराव. वरच्या पट्ट्यात काही चिन्हांभोवती लांबट वर्तुळ कोरलेलं दिसतं. राजाचं नाव असं वेढून लिहायची तिथली रीत होती. मुलाला ती वर्तुळं शोधून मोजायला सांगा. राजाच्या नावांवरूनच फ्रान्सच्या शांपोलियाँ यांना चित्रलिपी उलगडायला वाट मिळाली, आणि १८२२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. सगळं मोजून झालं की मुलीला घेऊन शिळेच्या डाव्या कडेला जा. तिथे, दगडाच्या जाडीवर, फिकट रंगात इंग्रजीत लिहिलंय की ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये ही हस्तगत केली. तेरा वर्षांची मुलगी ते वाचल्यावर विचारल्याशिवाय राहायची नाही की मग ही वस्तू खरी कोणाची? तिला लगेच उत्तर देऊ नका. बाहेर कॉफी पिताना सगळ्यांनी मिळून बोला. एका शिळेसमोर वीस मिनिटं गेली तर गेली. ती वीस मिनिटं मुलांच्या लक्षात राहतील.

पॅरिसला गेलात तर 'मोनालिसा'समोर थांबायचा हट्ट धरू नका असं मी म्हणणार नाही. बघा जरूर. पण ते चित्र ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं आहे, काचेआड आहे, आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. हे मुलांना आधी सांगून ठेवलं तर हिरमोड होत नाही. आणि तिथे उभं राहिल्यावर मागे वळा. समोरच्याच भिंतीवर व्हेरोनेझे याने १५६३ मध्ये पूर्ण केलेलं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे, जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र ते, आणि दिवसभर हजारो लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. त्यात शंभराहून जास्त माणसं आहेत, वादक आहेत, कुत्री आहेत. मुलाला कुत्री शोधू द्या, सासूबाईंना दागिने आणि कापडं बघू द्या. मोठ्या शहरात हे पदोपदी होतं. नामवंत वस्तूच्या शेजारी काहीतरी अप्रतिम असतं आणि तिथे धक्काबुक्की नसते.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला त्यांचीच वाटली. 'मी खोलीवर बसेन' असं माणूस इच्छा नाही म्हणून क्वचितच म्हणतं. आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको, हे त्यामागे असतं. त्यांच्यासाठी तुम्ही परस्पर काही ठरवायच्या आधी त्यांना विचारा, "आई, तुम्हाला काय बघायचंय?" त्या 'मला काय, तुम्ही म्हणाल ते' म्हणतील. तिथे सोडू नका. यादीतले फोटो त्यांना एकेक करून दाखवा आणि कुठल्या फोटोवर त्या रेंगाळतात ते बघा. जुनी भांडी असतील, विणकाम असेल, बाग असेल. ते ठिकाण यादीत सगळ्यात वर घ्या आणि पहिल्याच दिवशी ठेवा, पाय ताजे असताना.

लूव्र, ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट अशा मोठ्या संग्रहालयांत व्हीलचेअर तिथेच वापरायला मिळते, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. आधी ईमेल करून विचारलंत तर लिफ्ट कुठे, कमी पायऱ्यांचं दार कोणतं, हेही कळवतात. चालता-फिरता येणाऱ्या माणसाला खुर्चीत बसायचा संकोच वाटतो, तो समजून घ्या. 'तुम्हाला चालवत नाही म्हणून' असं म्हणू नका. 'आत तीन-चार किलोमीटर चालणं होतं, लांबची दालनं खुर्चीवरून जाऊ, जवळची पायी बघू' असं म्हणा, आणि ते खरंही आहे. नाहीच पटलं तर दुसरा उपाय. मोठ्या चित्रांसमोर बाक ठेवलेले असतात. एका चांगल्या दालनात त्यांना बसू द्या, तुम्ही शेजारची तीन दालनं बघून अर्ध्या तासाने त्याच बाकावर या. एका खोलीत अर्धा तास बसलेल्या माणसाने तुमच्यापेक्षा जास्त बघितलेलं असतं. परत आल्यावर त्यांना विचारून बघा. फक्त फोन त्यांच्याजवळ असू द्या, तो चार्ज केलेला असू द्या, आणि दालनाचा क्रमांक तुम्ही टिपून घ्या. कापडं, हस्तलिखितं, कागदावरची चित्रं असलेल्या दालनांत दिवे मुद्दाम मंद ठेवतात, कारण प्रकाशाने रंग उडतात. फ्लॅश नको म्हणतात तेही बहुधा याच काळजीने. अशा दालनात शिरताना डोळे सरावेपर्यंत मिनिटभर दाराशीच थांबा. पायरी न दिसून पडणं तिथेच होतं.

आणि पाचही जणांनी दिवसभर एकत्रच असलं पाहिजे असा काही नियम नाही. मुलीला वडिलांबरोबर तासभर तिच्या आवडीच्या ठिकाणी जाऊ द्या. तुम्ही आणि सासूबाई टॅक्सीने परत या. मुलगा ज्याच्याबरोबर म्हणेल त्याच्याबरोबर. मागच्या वेळचं भांडण आठवून बघा: पाच माणसांना एकाच वेळी एकाच गोष्टीत रस असावा, ही अपेक्षा त्यात होती का?

तिकिटांचं थोडक्यात सांगते. सुट्टीचा वार आधी बघा. लूव्र मंगळवारी बंद, न्यूयॉर्कचं मेट बुधवारी, पॅरिसचं ओर्से आणि फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी. वार न बघता आखणी केली की एक सकाळ बंद दारासमोर जाते. वेळेचं तिकीट मिळत असेल तर दिवसातलं पहिलं घ्या. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असेल तर तीही वेळ चांगली, सहलींचे गट तोवर गेलेले असतात. जिथे एरवी तिकीट लागतं तिथला फुकट प्रवेशाचा दिवस तुमच्यासारख्यांनी टाळावा. पैसे वाचतात आणि सकाळ रांगेत जाते. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बऱ्याच आधी थांबतो, आणि आतली दालनंही रिकामी करायला लवकर सुरुवात होते, हे लक्षात असू द्या. तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारी वेबसाइट पुष्कळदा मधल्या विक्रेत्याची असते, नाव मात्र मिळतंजुळतं. मोठी पाठपिशवी बऱ्याच ठिकाणी क्लोकरूममध्ये ठेवायला लावतात, तेव्हा औषधं आणि चष्मा छोट्या पिशवीत घ्या.

मनोरे आणि उंच गच्च्या यादीत चार असतील तर तीन खोडा. उंचावरून शहर एकदाच बघावं, आणि जमलं तर पहिल्या दिवशी. नदी कुठून वळते, आपलं हॉटेल कुठे, स्टेशन कुठे हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचे तीन दिवस नकाशात कमी डोकं घालावं लागतं. बाकीच्या ठिकाणांचं असं करा: अडतीसही ठिकाणं नकाशावर ठिपक्यांनी दाखवा. ठिपक्यांचे पुंजके आपोआप दिसतील. एका दिवसाला एक पुंजका. दूर, एकटा पडलेला ठिपका कोणाच्या अगदी मनातला असेल तरच ठेवा, नाहीतर सोडा. आणि प्रत्येक पुंजक्यात एखादी बाग किंवा चौक धरा, जिथे नुसतं बसता येईल.

जेवणाकडे वळते, कारण मागच्या वेळी तिसऱ्या दुपारी बिनसलं असं तुम्ही लिहिलंय. मला खात्रीने वाटतं की तेव्हा सगळे उपाशी होते. ओळखीचं चित्र आहे: संग्रहालयातून अडीचला बाहेर, मग जागा शोधायची, एक भरलेली, दुसरी महाग, तिसरीत सासूबाईंना चालणारं काही नाही, सव्वातीन वाजतात आणि शब्दाला शब्द लागतो. बऱ्याच शहरांत दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये स्वयंपाकघरच बंद असतं, त्यामुळे तीननंतर धड जेवण मिळत नाही. म्हणून साडेबाराला टेबलावर बसायचं असं ठरवा आणि संग्रहालयाची वेळ त्यावरून मागे मोजा. पाच जणांची जागा ऐन वेळी मिळणं अवघड. आदल्या दिवशी बुकिंग करा. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी घ्या, तेव्हा ठरलेल्या पदार्थांचं स्वस्त ताट पुष्कळ ठिकाणी असतं, आणि रात्री हलकं काहीतरी खोलीजवळच खा. मुलाच्या आणि सासूबाईंच्या पिशवीत खाऊ कायम हवा.

जागा निवडताना प्रसिद्ध ठिकाणाच्या दारासमोरची हॉटेलं सोडून दोन गल्ल्या आत जा. समोरच्यांना गिऱ्हाईक परत यायची गरज नसते, आज आलेलं उद्या दुसऱ्या गावी जाणार. आतल्या गल्लीतल्याला तेच शेजारपाजारचे लोक रोज जेवायला हवे असतात. दारात दरासकट मेन्यू लावलेला आहे का, तो आटोपशीर आहे का, आत स्थानिक माणसं बसली आहेत का, एवढं बघा. दारात उभं राहून हाताला धरून बोलावत असतील तर पुढे चला. बसल्यावर पाणी विकतचं आहे का, टेबलाचं वेगळं शुल्क आहे का, सेवाशुल्क बिलात धरलंय का, हे आधी विचारायला लाजू नका. सासूबाईंना काय चालत नाही ते तिथल्या भाषेत फोनवर लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा. तोंडी समजावण्यात घोटाळे होतात.

'इथे जेवलंच पाहिजे' वाल्यांपैकी एकच ठेवा, आणि ते यजमानांना निवडू द्या. मिशेलिन या मार्गदर्शिकेने तारे दिलेल्या जागा तुमच्या यादीत असतील, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. ती मार्गदर्शिका एका टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारीने फिरणाऱ्यांसाठी काढली, तारे १९२६ पासून आले, आणि तीन ताऱ्यांचा अर्थ आजही 'मुद्दाम प्रवास करून जावं अशी जागा' असाच आहे. अशा ठिकाणी जेवण दोन-तीन तास चालतं. दिवसभर फिरून आलेला आठ वर्षांचा मुलगा तिथे पेंगतो. जायचं तर तुम्ही दोघं जा. मुलं आजीपाशी मजेत राहतील आणि आजीलाही त्या संध्याकाळी आपण कोणाचा खोळंबा करतोय असं वाटणार नाही.

तिसरा दिवस मुद्दाम सैल ठेवा. दोन दिवसांचा शीण त्या दिवशी वर येतो. त्या सकाळी उशिरा उठा, एकच ठिकाण बघा, दुपारी खोलीवर येऊन सगळ्यांनी झोपा. संध्याकाळी जायचं असेल त्याने जावं. चौथ्या दिवशी अर्धा दिवस कोराच असू द्या. पावसाने बुडालेलं, रांगेमुळे राहिलेलं किंवा पुन्हा बघावंसं वाटलेलं काहीतरी त्यात जाईल.

आज रात्री जेवणं झाली की अडतीसची यादी मध्ये ठेवा आणि प्रत्येकाला दोन खुणा करायला द्या. आधी सासूबाई, मग मुलं, मग तुम्ही दोघं. खुणा पडतील तेवढीच ठिकाणं ठेवा, आणि तिकिटं त्यानंतर काढा.